भिंतीवरची रेल्वे
आज अखेर तो नकाशा भिंतीवर चढला. ब्रिटनच्या रेल्वेमार्गांचा, १९२३ च्या आधीचा. मूळ नव्हे हो, पुनर्मुद्रण. घड्यांच्या रेघासुद्धा छापल्यात. बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत! आधी हसू आलं, मग त्या खोट्या रेघाच आवडायला लागल्या.

खिळा ठोकायला पाच मिनिटं, पुढचा तासभर स्टुलावर उभं राहून वाचन. तेव्हा तिकडे शंभरावर रेल्वे कंपन्या होत्या. नकाशात मोठ्या कंपन्यांना वेगवेगळे रंग. एकाच गावात दोन कंपन्यांची दोन स्टेशनं, रुळही शेजारून एकमेकांना टाळत गेलेले, भावकीत अबोला असावा तसे. १ जानेवारी १९२३ ला यातल्या बहुतेक सगळ्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. तोट्यातले मार्ग बंद करा असं सुचवणाऱ्या १९६३ च्या सरकारी बीचिंग अहवालानंतर तर कितीतरी फाटे बंदच पडले. म्हणजे मी बोटाने ज्या मार्गावरून फिरत होतो, तिथे आता गाडी जात नाही.

एक तक्रार मात्र आहे. स्कॅन ताणून मोठा केलाय, त्यामुळे बारीक नावं फुटलीत. भिंग लावलं तर नुसते ठिपके.

आणि घरच्यांच्या मते फ्रेम डावीकडे कललीय. मला तरी सरळच दिसतेय.