दाढीचा साबण आणि दोन नळ

दाढीच्या पारंपरिक साबणांची तुलना सुरू झाली की बोलणे हमखास सुगंधाकडे वळते. कुणाला फ्लॉरेन्सच्या प्रोरासोतली निलगिरी आणि मेन्थॉलची थंडाई आवडते, कुणी तुर्कस्तानच्या आर्कोची कांडी हुंगून ‘हा तर कपड्यांचा साबण’ असे म्हणत नाक मुरडतो, तर कुणाला मिलानच्या चेल्लाचा बदामी वास मिठाईच्या दुकानाची आठवण करून देतो. सुगंधाचे सुख मला मान्य आहे, पण ते तोंड धुतले की संपते. पाते गालावरून फिरत असताना कामाला येतो तो फेस, आणि फेस कसा होईल हे साबणाइतकेच पाण्यावर ठरते. ही गोष्ट इंदूरमध्ये राहणाऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही, कारण इथल्या पुष्कळ घरांत दोन तऱ्हांचे पाणी असते: एक नर्मदेचे आणि दुसरे बोरिंगचे.

नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरचे अंतर आणि विंध्याचा चढ पार करून ते माळव्याच्या पठारावर चढवले जाते, आणि बऱ्याच वस्त्यांमध्ये एक दिवसाआड नळाला येते. मधल्या दिवशी बोरिंग. काळ्या खडकाच्या भेगांत मुरलेले ते पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येते; बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोंडाशी बसलेला पांढरा थर त्याची साक्ष देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले आहे. पिणाऱ्याला या दोन आकड्यांमधला फरक फारसा जाणवणार नाही. दाढी करणाऱ्याला मात्र तो ब्रशच्या पहिल्या चार फेऱ्यांतच कळतो.

त्याचे कारण साबणाच्या घडणीत आहे. दाढीच्या साबणाचा कणा म्हणजे स्टिअरिक आम्ल. त्याचा साबण दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि बराच वेळ टिकणारा फेस देतो. खोबरेल तेलातली आम्ले त्याला चटकन फुलवतात, पण नुसत्या त्यांच्या जोरावर फुललेला फेस मोठ्या बुडबुड्यांचा, पोकळ असतो आणि त्वचेलाही कोरडा वाटतो. अंगाच्या साबणाने दाढी करून पाहिलेल्या माणसाला हा अनुभव असतोच. शिवाय अंगाचा साबण सोडियमच्या क्षाराने घट्ट केलेला असतो, तर दाढीच्या साबणात पोटॅशियमचा क्षारही घालतात, म्हणून तो मऊ राहतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. ग्लिसरीन ओल धरून ठेवते. ही ओल फार महत्त्वाची, कारण दाढीचे केस दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजले की मऊ होतात आणि पात्याचे काम बरेच हलके होते. पण या साऱ्या पाकक्रियेत कॅल्शियम आले की ते आधी स्टिअरिक साबणालाच पकडते आणि त्याचा न विरघळणारा, चिकट साका करून टाकते. हिशेबच मांडायचा तर लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या १०० मिलिलिटर पाण्यातला क्षार साधारण ०.२ ग्रॅम साबण गिळतो, आणि एका दाढीला साबण लागतो तोच जेमतेम एक-दीड ग्रॅम. म्हणजे ज्या घटकासाठी आपण पैसे मोजले, तोच आधी वाया जातो.

हे समजले की साबणांच्या गुणदोषांचा अर्थ वेगळा लागतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा मिचेल्स वूल फॅट हा लोकरीतले लॅनोलिन हे स्निग्ध द्रव्य घातलेला साबण घ्या. त्याची ख्याती अशी की त्याच्यासारखा मऊपणा दुसऱ्यात नाही, आणि बदनामी अशी की त्याचा फेस काही केल्या येत नाही. पण ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या व्यवसायाचे गाव, आणि तो व्यवसाय तिथे भरभराटला याचे एक कारण जवळच्या डोंगरांतून येणारे मवाळ, कमी क्षारांचे पाणी हे होते. त्या पाण्यात हा साबण सहज फुलत असेल तर नवल नाही. इथे नर्मदेच्या दिवशी त्याचा फेस चक्क्यासारखा घट्ट बसतो आणि ब्रश उचलला की त्याचे टोक तसेच उभे राहते, तर बोरिंगच्या दिवशी वाटीच्या तळाशी राखाडी पाणी आणि वर विरलेला, लगेच बसणारा फेस. तेव्हा दोष साबणावर ढकलणारा मनुष्य घाईने न्याय करतो असे मला वाटते. लंडनचे पाणी मात्र खडूच्या थरांतून आलेले, चांगले कठीण. टेलर ऑफ ओल्ड बॉण्ड स्ट्रीटसारखी १८५४ पासूनची तिथली मंडळी आपली क्रीम विकून टिकली, ती त्या पाण्याच्या शेजारातच. अनेक क्रीमच्या वेष्टणावर ईडीटीएचे नाव दिसते, ते कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य, आणि बोरिंगच्या घरांत क्रीमची ट्यूब इतकी लोकप्रिय का, याचे बरेचसे उत्तर त्या एका शब्दात आहे.

माझा स्वतःचा कौल कांडीला आहे. तिला कुणी मान देत नाही, कारण ती दिसायला गरीब, वेष्टण कागदी, आणि वाटी-ब्रशचा थाट तिच्याभोवती नाही. पण ओल्या गालावर ती थेट घासली की साबण भरपूर उतरतो. कॅल्शियमने आपला वाटा घेतल्यावरही ब्रशला फुलवायला पुरेसा उरतो. कठीण पाण्याशी झगडण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गोल वडी आणि वाटी यांचा आनंद वेगळा, आणि गोदरेजची ती गोल वडी ज्यांच्या वडिलांच्या कपाटात असे, त्यांना तो सांगायला नको. पण वडीवर ब्रश नीट फिरवायला वेळ लागतो, आणि सकाळी नळाची वेळ गाठायची असेल तर तो वेळ मिळत नाही.

एक प्रश्न मराठी घरात हमखास निघतो, तो चरबीचा. युरोपातल्या कित्येक जुन्या साबणांत गाईबैलांची चरबी असते. आर्कोच्या यादीत ती आहे, चेल्लाच्याही. तिचा फेस गुळगुळीत होतो हे खरे, आणि पारखी लोक त्यासाठीच तिचे गोडवे गातात. मात्र सोवळे पाळणाऱ्या ताईंना घटकांची यादी वाचून दाखवली तर वडी न्हाणीघरात पोहोचणारच नाही, आणि त्यांचा हा आग्रह मला वावगा वाटत नाही. शिवाय वनस्पती तेलांपासूनही स्टिअरिक आम्ल उत्तम मिळते; प्रोरासो त्याच वाटेने जातो आणि गालाला काही कमी पडत नाही.

तरीही कुणाला बोरिंगच्या दिवशीच ब्रॅडफर्डची वडी वापरायची हौस असेल, तर उपाय आहे. ब्रश भिजवायला आणि फेसात थेंबथेंब मिसळायला अर्धा कप आरओ शुद्धीकरण यंत्रातले पाणी घ्यावे. त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. तोंड आधी आणि नंतर नळाच्याच पाण्याने धुवावे. आमच्या घरी या प्रयोगाला ‘पिण्याचे पाणी दाढीला?’ असा रोकडा आक्षेप आहे, आणि ते यंत्र स्वच्छ पाण्याच्या एका भांड्यामागे किती पाणी गटारात सोडते हे पाहता त्यावर माझ्याजवळ सबळ उत्तर नाही. म्हणून माझा अर्धा कप स्वयंपाकघरातल्या कळश्या भरून झाल्यावरच भरला जातो.