तुम्ही विचारलंत म्हणून: मी विमान उडवायला का शिकलो नाही

‘काका, चौदा वर्षं विमानांत काढलीत, मग उडवायला का नाही शिकलात?’ लग्नाच्या मांडवात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही मी फ्लाइंग क्लबात कामाला होतो हे कळलं की पुढचा प्रश्न हाच येतो. आजवर मी एकच उत्तर देत आलो, पैसे नव्हते. ते खोटं नाही. मी हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, हेल्पर होतो आणि तासाभराच्या उड्डाणाच्या फीत माझा महिन्याचा पगार गेला असता. पण आमच्या इन्स्ट्रक्टर साहेबांनी एकदा स्वतःहून सांगितलं होतं, ‘तू मेडिकल करून घे, स्टुडंट लायसन्सचं मी बघतो. फीचंही काहीतरी करू.’ मी हो म्हणालो आणि मेडिकलला, म्हणजे उडवणाऱ्यांच्या डॉक्टरी तपासणीला, गेलोच नाही. का गेलो नाही, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. गेल्या दिवाळीत जुन्या कॅसेटी बघितल्या आणि ते थोडंफार कळलं.

कॅसेटी तीन आहेत, व्हीएचएसच्या. क्लबच्या एका सभासदानं दुबईहून कॅमेरा आणला होता. दर रविवारी तो खांद्यावर घेऊन ते धावपट्टीवर हजर असायचे. क्लब बंद पडला तेव्हा कागदपत्रांच्या पेटीबरोबर त्या माझ्या घरी आल्या आणि माळ्यावर पडून राहिल्या. भाचीनं त्या छत्रपती संभाजीनगरला नेल्या आणि पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या. एकीला बुरशी लागली होती, तिच्यात बराच वेळ नुसती खरखर आहे. उरलेल्या दोन स्वच्छ आहेत. कोपऱ्यात तारखा दिसतात, १९८९ आणि १९९०.

पहिल्यांदा बघताना घरचे सगळे जमले होते. अर्ध्या तासात एकेक जण उठून गेला, कारण विमान हवेत आहे असं चित्रण सगळं मिळून पाच मिनिटांचंही नसेल. बाकी सगळं जमिनीवरचं. दोघं जण सेस्ना १५०, आमचं दोन सीटचं शिकाऊ विमान, ढकलत हँगरबाहेर काढतायत. कुणी काचेवरची धूळ पुसतंय, कुणी टायरची हवा बघतंय. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा लोंबकळतोय आणि त्याच्याकडं बघत चार माणसं नुसती उभी आहेत. मी मात्र शेवटपर्यंत बसलो. मला त्यातलं सगळं कळत होतं.

आमची धावपट्टी तेव्हाच्या औरंगाबादपासून थोड्या अंतरावर होती. चढावर गेलं की एका अंगाला देवगिरीचा किल्ला दिसायचा. चारी बाजूंना काळी माती, ज्वारी आणि कापूस. उन्हाळ्यात आम्ही पाचला हँगर उघडायचो, कारण सहा ते नऊ एवढाच काय तो उपयोगाचा वेळ. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंच. त्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. म्हणजे जमीन मराठवाड्याची आणि हवा कळसूबाईच्या माथ्यावरची. शंभर अश्वशक्तीचं ते इंजिन आधीच दोन माणसं घेऊन दमलेलं, भर दुपारी त्याला धावपट्टी पुरायची नाही. आणि वर गेलंच तर नांगरलेल्या रानावरून उठणारी गरम हवा त्याला सुपातल्या दाण्यासारखं पाखडायची.

एका तुकड्यात धावपट्टीच्या कडेला चुन्यानं रंगवलेले पाच-सहा दगड दिसतात. भाची म्हणाली, खूण असेल. खूणच होती, पण टिटवीच्या अंड्यांची. टिटवी घरटं बांधत नाही, खडीतच अंडी घालते, आणि ती खडीच्याच रंगाची असतात. चाकाखाली जाऊ नयेत म्हणून मी ते दगड मांडले होते. आमच्याकडं म्हणतात, टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर त्या साली पाऊस चांगला. धावपट्टी ही त्या रानातली सगळ्यात उंच जागा होती, त्यामुळं पाऊस पडो न पडो, आमची टिटवी दर साली चांगलाच सांगायची.

भाचीच्या मुलानं विचारलं, ‘आजोबा, इंजिन चालू आहे, मग प्रोपेलर थांबलेला का?’ मला हा प्रश्न फार आवडला. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ झाले. दर चित्रात पातं फिरून त्याच जागी आलेलं, म्हणून डोळ्याला ते थांबलेलं दिसतं. फेरे जरा कमी झाले की तेच पातं हळूहळू उलटं फिरायला लागतं. पोरगं तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघत बसलं.

मी तो तुकडा डोळे मिटून ऐकला. उड्डाणाआधी इंजिन १७०० फेऱ्यांवर नेऊन मॅग्नेटो तपासतात. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र, ते दोन असतात. एक बंद केला की आवाज किंचित बसतो, दोन्ही चालू केले की पुन्हा उठतो. फेऱ्यांतली घट दीडशेच्या आत असली तर ठीक. आकडा आत बसलेल्याला काट्यावर दिसतो, मला बाहेर उभं राहून कानानं कळायचा. त्या चित्रणात आवाज पहिल्यांदा बसतो, तेव्हा मागं आग विझवायची नळकांडी धरून उभा असलेला मी मान तिरपी करतो. दुसऱ्यांदा बसतो, तेव्हा मान सरळ होते. आपण असं करतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आता माझं उत्तर जिच्यात आहे त्या सकाळीकडं येतो. तारीख मे १९९० ची. एका विद्यार्थ्याचं पहिलं सोलो होतं, म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना एकट्यानं एक फेरी मारून उतरायचं. त्याचे वडील गावाकडून आले होते, धोतर, पटका, हातात पेढ्यांचा पुडा. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला होता आणि हँगरचं दार अडकल्यामुळं ते विमान बाहेरच भिजलं होतं. पंखांतल्या टाक्यांची झाकणं जुनी, त्यांचं रबर कडक झालेलं. टाकीत पाणी गेलं असेल, हे माझ्या मनात तेव्हाच आलं होतं.

विमानाचं पेट्रोल निळं असतं. टाकीच्या तळाशी बारकी तोटी असते, तिथून पारदर्शक कपात थोडं काढून उजेडाला धरून बघायचं. पाणी जड, ते खाली बसतं. निळ्याखाली बिनरंगाचा थेंब गरगरताना दिसतो. फसायला होतं ते पाणी जास्त असलं तर. सगळा कपच पाण्यानं भरला, तर दोन थर दिसत नाहीत, सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं, आणि घाईतला माणूस ‘साफ आहे’ म्हणून मोकळा होतो. म्हणून रंग बघायचा आणि वासही घ्यायचा.

चित्रणात मी पहिला कप काढतो. त्यात थेंब आहे. ओतून दुसरा काढतो, तिसरा काढतो. मग पंखाचं टोक धरून विमान डोलवतो, म्हणजे टाकीच्या कोपऱ्यात अडकलेलं पाणी खाली येतं, आणि थोडं थांबून पुन्हा कप. दोन्ही पंख आणि इंजिनाजवळची गाळणी धरून मी एकोणीस कप मोजले. मागं साहेब घड्याळ बघतायत, ऊन चढायला लागलंय, पोरगा चुळबुळ करतोय. वडिलांचा आवाज कॅमेऱ्यात स्वच्छ आलाय, ‘काय बघायलात ओ?’ मी वर न बघता म्हणतो, ‘पाणी.’ ते म्हणतात, ‘इथं पाण्यासाठी जीव चाललाय माणसांचा, अन् तुम्ही सांडायलात?’

त्यांना मी तेव्हा काही सांगितलं नाही. ते पाणी इंजिनात गेलं असतं, तर दोनशे फुटांवर इंजिन बंद पडलं असतं आणि तेवढ्या उंचीवरून मागं वळायला जागा नसते. ज्याचं लेकरू आत बसणार, त्याला हे कसं सांगायचं? शेवटचे तीन कप लागोपाठ साफ आले, तेव्हा मी उठून साहेबांकडं बघून मान हलवली.

ती मान हलवताना माझा चेहरा जसा दिसतो, तसा मी स्वतःला दुसऱ्या कुठल्या फोटोत पाहिलेला नाही. लग्नाच्या फोटोतही नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. उडवणाऱ्याला एका क्षणी शंका बाजूला ठेवून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढं रेटावा लागतो. तेही मोठं धाडस आहे, मी ते रोज जवळून बघितलंय. पण माझा जीव रमायचा तो त्या क्षणाच्या अलीकडं. शंका घ्यायची, ती फिटेपर्यंत वाकून बसायचं, आणि मग दुसऱ्याचं लेकरू निर्धास्त वर पाठवायचं. कागदावर सही इंजिनिअर साहेबांची असायची, पण विमानाला शेवटचा हात माझा लागायचा. साहेबांनी फीचं काहीतरी करू म्हटल्यावरही माझे पाय मेडिकलकडं वळले नाहीत ते यामुळं. मला जे हवं होतं ते आधीच मिळालेलं होतं.

पोरगा उडाला. कॅमेरा त्याच्यामागं आभाळात गेला, तिथं हरवला, ढगच दाखवत राहिला. उतरतानाचं मात्र नीट मिळालंय. चाकं टेकली, एकदा हलकी उसळी आली, मग बसलं. पहिलं सोलो करणाऱ्याला भिजवायची रीत असते. बादली आली तेव्हा मागून माझाच आवाज येतो, ‘अर्धीच घ्या, टँकर परवा येणारय.’ अर्धी बादली पाणी पोरावर ओतलं गेलं. वडिलांनी पटका सोडला आणि त्याचं डोकं पुसायला लागले, पेढ्यांचा पुडा तसाच काखेत. सगळे त्यांच्याभोवती जमलेत. चौकटीच्या कडेला, मागं, मी पुन्हा त्याच विमानाच्या पंखाखाली वाकलेला दिसतो, कप उजेडाला धरून. पुढचं उड्डाण साडेसातला होतं.