पहिल्या '='वर एकदाच कापा

समजा कॉन्फिगमधली (प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या फाइलमधली) ओळ अशी आहे:

नाव=सई; गाव=मिरज; टोकन=कख==;

';'वर तोडायचं, मग प्रत्येक तुकडा '='वर तोडून डिक्शनरीत भरायचा. बहुतेकांचा कोड एवढाच असतो आणि टोकन येईपर्यंत तो चालतोही. हे टोकन बेस६४मध्ये (डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) आहे. त्याची लांबी चारच्या पटीत आणायला शेवटी '=' जोडतात, म्हणून तिसऱ्या तुकड्याचे दोनाऐवजी चार भाग होतात. पायथनमध्ये की आणि व्हॅल्यू अशा दोनच व्हेरिएबलमध्ये ते घेत असाल तर व्हॅल्यूएरर येतो. हे बरंच म्हणायचं. जावास्क्रिप्टमध्ये पहिले दोन भाग उचलून कोड मुकाट पुढे जातो आणि टोकनची शेपटी गायब.

यावर स्प्लिटला लिमिट द्या असं सांगतात, पण तो आकडा भाषेगणिक वेगळा वागतो. 'क=ख=ग'ला दोन हे लिमिट दिलं, तर जावा 'क' आणि 'ख=ग' देतं. पायथन दोनदा कापतं, म्हणून तीन तुकडे. जावास्क्रिप्ट 'क' आणि 'ख' देऊन उरलेलं टाकून देतं! तिथे इंडेक्सऑफने पहिला '=' शोधून स्लाइस करणंच बरं.

पायथनमध्ये मी पार्टिशनच सुचवेन. ते कायम तीनच भाग देतं: आधीचं, सेपरेटर, नंतरचं. मधला भाग रिकामा आला तर '=' नव्हताच. त्यामुळे नुसतं 'डीबग' आणि 'डीबग=' यांतला फरक कळतो. स्प्लिटमध्ये तो लांबी मोजून काढावा लागतो.

';'नंतरची स्पेस स्ट्रिपने काढा, नाहीतर की ' गाव' होते आणि 'गाव' सापडत नाही. शेवटच्या ';'मुळे येणारा रिकामा तुकडा वगळा. पहिलीच की सापडत नसेल, तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (बाइट ऑर्डर मार्क, न दिसणारं चिन्ह) आहे का बघा. पायथनची स्ट्रिप ते काढत नाही. फाइल 'यूटीएफ-८-सिग' या एन्कोडिंगने उघडावी लागते.

यूआरएलच्या क्वेरीत जोड्या '&'ने वेगळ्या केलेल्या असतात. तिथे क्रम महत्त्वाचा: आधी तोडा, मग डीकोड करा. 'पदार्थ=इडली%26चटणी' आधी डीकोड केलं, तर %26चा '&' होतो आणि 'चटणी' नावाची फुकटची की तयार होते. शिवाय तीच की दोनदा आली तर साध्या डिक्शनरीत शेवटची व्हॅल्यू उरते. दोन्ही हव्या असतील तर लिस्ट ठेवा.

पासवर्डमध्येच ';' येऊ शकत असेल, तर मात्र स्प्लिटचा नाद सोडा. कोट्स ओळखत एकेक अक्षर वाचणारा पार्सर लागतो, आणि तो बहुधा लायब्ररीत आयता मिळतो.