आईच्या न्हाणीघरातला नवा नळ

साताऱ्यात, मंगळवार पेठेतल्या घरी आज आईच्या न्हाणीघराचा नळ बदलला. जुना दोन महिने ठिबकत होता. रात्री बादली लावली की सकाळी अर्धी भरलेली असायची. कास तलावातून येणारं पाणी असं वाया जाताना बघवत नव्हतं.

पाईप जुना, अर्धा इंची, जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा. गंजून नळ घट्ट धरून बसलेला. नुसता हिसका दिला असता तर भिंतीतला एल्बोच, म्हणजे पाईपचा वळणाचा जोडच, तुटला असता, आणि मग टाइल्स फोडा. म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, भिंतीबाहेर आलेला निपल, म्हणजे आटे असलेला पाईपचा आखूड तुकडा, एका पान्यानं धरला आणि दुसऱ्यानं नळ हळूहळू सोडवला. आटे ब्रशनं घासले.

जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप मात्र पहिल्यांदा उलटी गुंडाळली गेली. नळ आवळताना ती मागे सरकली, आणि पाणी सोडल्यावर जोडातून बारीक धार लागली. पुन्हा सगळं काढलं. नळ ज्या दिशेनं आवळतो त्याच दिशेनं, ताणून, दहा-बारा वेढे दिले.

संध्याकाळी आईनं पदराला हात पुसला, जोडाखालून बोट फिरवलं आणि म्हणाली, "कोरडं आहे रे."