तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीमागचा गोळा

वरुडच्या बाजारात गाडी उभी केली की कोणी ना कोणी विचारतंच, "हे मांगं काय गोया लावला जी?" सात सीटची एर्टिगा, आत पोरांच्या वॉटरबॅगा, आणि बंपरखाली ५० मिलिमीटरचा लोखंडी गोळा. माणूस विचारणारच.

ट्रॅक्टर नाही माझ्याकडे. विहिरीपासून संत्र्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत फवारणीचा ड्रम न्यायचा, तर एकदा तो गाडीतच ठेवला. औषधाचा वास आठवडाभर गेला नाही, पोरं काचा खाली करून शाळेत गेली. मग छोटी ट्रॉली केली, आणि ती गाडीला जोडायला हा गोळा.

वेल्डर म्हणाला, "दोन टाके मारून देतो." मी नको म्हटलं. या गाडीला बोलेरोसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नसतो, दुमडलेल्या पत्र्यावरच सगळा भार. त्यामुळे आतून जाड पट्टी देऊन बोल्टच हवेत. सायलेन्सर खाली सोडायचा होता, त्याचे रबर साबणाच्या पाण्यानं निसटले. पत्र्याच्या पोकळीत मात्र हात जाईना. बोल्टला बायंडिंग तार गुंडाळली, एका भोकातून आत सोडली, दुसऱ्यातून ओढली. तिसरा बोल्ट तार सोडून आत पडला. बायको म्हणाली, "झाला गाडीचा खुळखुळा." अर्ध्या तासानं चुंबकानं निघाला.

पण खरं काम गोळा बसवल्यावर सुरू होतं. ट्रॉली उलार, म्हणजे मागं जड भरली की गाडीचं मागचं अंग उचलतं आणि वेगात ट्रॉली शेपटी मारते. फार धुरजड, म्हणजे पुढं जड झाली तर गाडीचं नाक हलकं होतं. एर्टिगा पुढच्या चाकांवर ओढते, म्हणजे ओल्या काळ्या मातीत चाकं जागच्या जागी फिरणार. गोळ्यावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. बाबा बैलगाडी अंदाजानं भरत, मी कापसाचा ताणकाटा दांडीला अडकवून उचलतो. २०० लिटर पाणी अधिक ट्रॉली, मिळून पावणेतीनशे किलो. काटा सत्तावीस-अठ्ठावीसवर आला की चाललो. अर्ध्या ड्रमाचं पाणी हिंदकळतं, तेव्हा आणखी सावकाश.

रस्त्यावर? नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉलीलाही नोंदणी लागते. माझी वावरातच असते, तिथंच राहील.

आणि वाकून बघताय तर पायजमा सांभाळा, गोळ्याला ग्रीस आहे.