चौथं पाऊल

अंडर-१८ मुलींच्या शंभर मीटर अडथळा शर्यतीत हर्डल्सची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. अंडर-२० मध्ये गेलं की ८३.८. फरक तीन इंचांचा, पण त्यात माझा अख्खा हिवाळा गेला.

नाशिकमध्ये मुलगी धावते म्हटलं की पहिला प्रश्न, "किती किलोमीटर?" लांब पल्ल्याच्या धावपटू कविता राऊतताईंच्या जिल्ह्यात हे व्हायचंच, आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण माझा जीव त्या दहा हर्डल्समध्ये अडकलेला.

नोव्हेंबरात नव्या उंचीवर सराव सुरू केला आणि चौथ्याच दिवशी मागच्या पायाचा गुडघा पट्टीवर आपटला. तळहात सोलून निघाले. जखम आठवड्यात भरली, भीती मात्र अंगात बसली. हर्डल जवळ आला की पावलं आपोआप आखडायची, मी अगदी खेटून उडायचे आणि उतरताना वेग मरायचा.

सरांनी खडूने हिशोब मांडून दाखवला. दोन हर्डल्समधलं अंतर साडेआठ मीटर. उडी साधारण दोन मीटर आधीच घ्यायची, पलीकडे मीटरभरावर उतरायचं. उरले साडेपाच, त्यात तीन पावलं. वेग गेला की तीन पुरत नाहीत, चौथं टाकावं लागतं, आणि चौथं टाकलं की पुढच्या हर्डलवर भलताच पाय पुढे येतो. मग सगळंच बिघडतं. "तू वर जातेयस, पुढे जा," एवढंच ते म्हणाले.

डिसेंबरच्या थंडीत सकाळी सहाला हर्डलच्या बाजूने चालत फक्त मागचा पाय पट्टीवरून काढायचा, गुडघा काखेकडे आणत. शेकडो वेळा. मग उंची पुन्हा ७६.२, हर्डल एकेक पाऊल जवळ ओढलेले. तिथे तीनची लय बसली की दर आठवड्याला थोडं अंतर वाढवायचं, मग उंची. (नवख्यांनो, हर्डलवरून कधीही उलट्या बाजूने उडू नका. पाय लागला तर तो पडत नाही, तुम्ही पडता.)

फेब्रुवारीत पहिल्यांदा पूर्ण दहा लावले, ८३.८ वर. सातवा मांडीला लागून आडवा झाला. मुद्दाम पाडला नसेल तर बाद होत नाही, हे ठाऊक होतं. तरी छातीत धस्स झालं. पण पाय थांबले नाहीत. एक, दोन, तीन. आठवा. एक, दोन, तीन. नववा, दहावा, आणि मग समोर मोकळे साडेदहा मीटर.