सव्वादोन इंचाचा जावा आणि त्याचा झगा

मी जुन्या खेळण्यांच्या लिलावाच्या कामात आहे. हातोडा आपटणारी मी नव्हे, त्याच्या आधी मागच्या खोलीत बसून वस्तू खरी का खोटी ते बघणारी. ऐकायला भारी वाटतं पण रोजचं काम म्हणजे लोकांचा हिरमोड करणं. दर आठवड्याला कोणाचा तरी फोन येतो की आमच्याकडे १९६६ ची बार्बी आहे, पाठीवर वर्ष कोरलंय. अहो, ते कॉपीराइटचं वर्ष, तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं वापरत राहिले. हे सांगितलं की समोरच्याला वाटतं बाईला स्वस्तात लाटायचीय.

तर त्या दिवशी एक गृहस्थ आले, पन्नाशीचे असतील. मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात रुमाल, रुमालात कापूस आणि कापसात जावाची बाहुली, म्हणजे स्टार वॉर्स सिनेमातला झगेवाला बुटका परग्रहवासी, व्हिनाइलचा म्हणजे पातळ प्लास्टिकचा झगा घातलेला. मी तोंडावर काही दाखवलं नाही पण आत धडधडलंच.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सिनेमा आला १९७७ ला आणि केनर कंपनीची खेळणी त्या नाताळपर्यंत तयारच झाली नाहीत, म्हणून त्यांनी चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत सर्टिफिकेट, ते भरून पाठवा मग खेळणी पोस्टाने येतील. (ते पाकीटसुद्धा आज लोक जपून ठेवतात.) मग १९७८ मध्ये पहिल्या १२ बाहुल्या दुकानात आल्या. बाकीचे बहुतेक पावणेचार इंचाच्या आसपास आणि जावा जेमतेम सव्वादोन, पण किंमत सगळ्यांची सारखीच. त्यात अंगावर प्लास्टिकची पातळ चिंधी, मग आईबाप म्हणणारच की एवढुशा बाहुलीला एवढे पैसे कशाला. कंपनीने लवकरच व्हिनाइल काढून कापडी झगा घातला, जरा भरल्यासारखा दिसावा म्हणून. कापडी झग्यातले जावे ढिगाने सापडतात. व्हिनाइलवाला अस्सल पीस निघाला तर त्याच्या कित्येक पट पैसे, आणि फरक काय तर ती चिंधी.

या गृहस्थांनी तो दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कलेक्टरकडून घेतला होता. किती दिले ते मी लिहीत नाही, माझा वर्षाचा पगार धरा. मला स्वतःला हे वेड कळतं असं मी म्हणणार नाही, पण आता त्याचं आश्चर्यही वाटत नाही. २०२४ मध्ये स्टार वॉर्समधल्याच बोबा फेटच्या बाहुलीचा एक प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधीचा नमुना, ५ लाख २५ हजार डॉलरला गेला, तो पाठीतून रॉकेट उडवणारा, जो पोरांनी गिळला तर काय या भीतीने कधी दुकानात आलाच नाही. तिथे झग्यासाठी कोणी वर्षाचा पगार टाकला तर मी कोण बोलणार.

आधी जावाच्या हातातली बंदूक बघितली. या बाहुल्यांची छोटी हत्यारं हरवतात म्हणून बाजारात डुप्लिकेट भरपूर. एक जुनी युक्ती आहे, ग्लासभर पाण्यात टाकायची. तरंगली म्हणजे अस्सलच असं नाही, पण बुडाली तर आपण लगेच सावध होतो. तरंगली. गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले आणि पहिल्यांदा हसले, म्हणाले, मॅडम मी सांगितलं होतं ना. बाहुलीही बरोबर होती, अंगावरचे पट्टे, डोळ्यांचा रंग, पायावरचा शिक्का, कशाकशात खोट नाही.

मग झगा काढला. काढतानाच हाताला कळलं. हात घालायची भोकं त्या इवल्याशा हातांच्या मानाने मोठी आणि खांद्यापाशी मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखं. भिंगाखाली खालची कड धरली. कारखान्यातला झगा डायने, म्हणजे कापायच्या साच्याने, एका फटक्यात कापलेला असतो, कड सलग जाते. इथे डाव्या बाजूला एक बारीक पायरी होती. कात्री एकदा थांबली, पुन्हा उघडली आणि केसभर खालून परत सुरू झाली, तशी. हा बेन केनोबीचा, म्हणजे त्याच संचातल्या मोठ्या बाहुलीचा झगा होता, जावाच्या मापाने कापलेला. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी लबाडी.

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. मी नुसतं तोंडाने सांगत नाही, माणसाला स्वतःला दिसलं पाहिजे. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "म्हणजे जावा खरा आहे?"

"हो, जावा खरा आहे."

"बंदूक?"

"तीही खरीच वाटतेय."

"आणि पैसे मी झग्याचे दिले."

मी काही बोलले नाही. त्यांनी बाहुली परत कापसात ठेवली, झगा शेजारी, रुमालाची घडी अगदी पहिल्यासारखी केली आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाले, मॅडम, रिपोर्ट अजून लिहिला नाही ना, मग राहू दे, मी आणलाच नव्हता असं समजा. आमच्याकडे नियम असा की रिपोर्ट लिहायच्या आधी मालकाने वस्तू परत मागितली तर द्यायची, कागद होत नाही. मी दिली. ते काय करणार आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं, नाही असं मी म्हणणार नाही. फसलेल्या माणसाला अजून काय सुनवायचं असं स्वतःला समजावलं आणि पुढचा खोका उघडला.

आठेक महिन्यांनी एक तरुण मुलगा आला, बावीस-तेवीसचा. आता कापूस-रुमाल नाही, ॲक्रिलिकची झकास पेटी, आत जावा उभा. त्याने किती दिले ते बसायच्या आधीच सांगितलं. पहिल्या आकड्यापेक्षा जास्त होता. मी पेटी फिरवली. डाव्या बाजूला, खाली, ती पायरी नुसत्या डोळ्यांनीही दिसली, मला कुठे बघायचं ते माहीतच होतं.

त्याने विचारलं, बंदुकीची ती पाण्याची टेस्ट करता ना तुम्ही? मी हो म्हटलं आणि ग्लास भरून आणायला उठले.